रक्तगटाच्या पलीकडची जुळणी

आपल्या बहुतेक पेशींवर ओळखपत्रासारखी प्रथिनं असतात. माणसात त्यांना 'एचएलए' म्हणतात. पेशीत विषाणू शिरला की ही प्रथिनं त्याचे तुकडे बाहेर दाखवतात आणि टी-पेशी त्या पेशीवर तुटून पडतात.

१९९५चा स्वित्झर्लंडमधला टी-शर्टचा प्रयोग लोक चवीनं सांगतात: स्त्रियांना म्हणे वेगळं एचएलए असलेल्या पुरुषाच्या घामाचा वास आवडतो. पण पुढच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. लग्नं जुळवायला हे विज्ञान नको. जीव वाचवायला हवं.

थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात मूळपेशींचं रोपण करायचं तर रक्तगट जुळून भागत नाही, एचएलए जुळावं लागतं. सख्ख्या भावाबहिणीशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के. बाकीच्यांना अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि तो सापडण्याची शक्यता समान पूर्वज असलेल्यांत जास्त. म्हणजे आपणच नोंदणी केली नाही, तर आपली मुलं कुणाच्या यादीत शोधणार?

नोंदणीसाठी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिरं भरवतोच. त्याच मंडपात या नोंदणीचं एक टेबल लागायला हवं.