जोर नको, कारण शोधा

अमेरिकेत रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. त्यांतले अनेकजण प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी इवलीशी टोपी, हातातल्या साधनाने बसवतात. बोटांना दाब नेमका कळतो, हाच या पद्धतीचा खरा गुण.

हा दाब अचानक वाढला की साधनाला दोष देत मूठ आणखी आवळली जाते. हे थांबायलाच हवे. दोष बहुधा पुंगळीच्या बुडाशी असतो. लष्करी ५.५६ किंवा ७.६२ मिमी पुंगळ्यांत प्रायमर निसटू नये म्हणून तो बसतो त्या खळग्याची कड अनेकदा दाबून घट्ट केलेली असते. ही दाबलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही. कधी खळग्यात जुनी काजळी असते, कधी पुंगळीचे बूड धरणारा शेल होल्डरच चुकीचा असतो, तर कधी साधनाचा दांडा झिजलेला.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत, साधारण ०.००३ ते ०.००५ इंच बसावा. वर राहिला, तर सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत बोल्ट बंद होतानाच बार उडू शकतो.

प्रायमरच्या आत स्फोटक आहे! वाकडा बसलेला प्रायमर ठोकून सरळ करू नये, आणि संरक्षक चष्मा पहिल्या पुंगळीपासून डोळ्यांवर हवा.