माल बोथला येतो, मग परत काहून जात नाही?



आज तलाव, बीज, वर्गणी हे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवू. बोलायचं आहे ते जाळ्याबद्दलच, पण मोबाइलवरून मागवलेल्या जाळ्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत आपल्यातले बरेच जण ऑनलाइन सामान मागवायला लागले. जाळं, दोरी, डोक्याला लावायची बॅटरी, लाइफ जॅकेट, मासोळी ठेवायला थर्माकोलचे डबे. ह्यात वावगं काही नाही. आदिलाबादला किंवा निर्मलला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, बसभाडं जातं, आणि दुकानात पाहिजे ते जाळं मिळेलच असं नाही. म्हणून "ऑनलाइन घेऊच नका" असं सांगायला हे लिहीत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की जी कंपनी बोथपर्यंत माल पोचवून पैसे घेते, तिला चुकीचा माल बोथवरून परत न्यायलाही जमलं पाहिजे. ही मेहरबानी नाही, कायद्यानं ठरलेली गोष्ट आहे.

आधी झालं काय ते ऐका. होळीच्या सुमारास आमच्या पाच सभासदांनी पैसे गोळा करून लावायचं जाळं मागवलं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं. पावसाळ्यात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली तोवर विकण्याजोगी झालेली असते. वर्षाची खरी कमाई ह्याच दोन-अडीच महिन्यांची. मागवताना छिद्राचं माप १०० मिलिमीटर लिहिलेलं होतं, फोटो होता, आणि "सात दिवसांत परत" असं ठळक अक्षरात होतं. घरी आलं ते निम्म्याहून बारीक छिद्राचं. असं जाळं पाण्यात लावलं तर मोठी मासोळी सुटते आणि लहान अडकून मरते. म्हणजे ह्या वर्षाचा पैसा गेला आणि पुढच्या वर्षाचा मालही गेला. ते वापरणं शक्यच नव्हतं.

त्याच दिवशी जाळ्यावर टेप लावून फोटो काढले आणि तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." आम्हाला बरं वाटलं. नंतर समजलं की ते यंत्राचं उत्तर आहे, काही लिहिलं तरी तेच येतं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आमचा माणूस माल न्यायला आला होता, ग्राहक घरी नव्हता." ज्याच्या नावावर ऑर्डर होती तो भाऊ दिवसभर अंगणात जाळी दुरुस्त करत बसलेला. कोणी आलं नाही, कोणाचा फोनही आला नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज. आठव्या दिवशी कळवलं, "परत करण्याची मुदत संपली आहे."

मग फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, थांबा, गाणं ऐका. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. चौथ्या फोनला खरं कारण बाहेर आलं. तुमच्या पिनकोडवर माल द्यायची सोय आहे, परत न्यायची नाही. आता सांगा, हे पैसे घेण्याआधी काहून सांगितलं नाही?

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. फोनवर बोलणाऱ्या पोरा-पोरींवर ओरडून काही उपयोग नाही. त्यांच्यासमोर जे दिसतं तेच ते वाचतात, पैसे परत करायचा अधिकार त्यांच्या हातात नसतो. पार्सल आणणारा पोरगाही आपल्याच भागातला, पार्सलमागे पैसे मिळवणारा. त्याची कॉलर धरू नका. ज्यांनी ही व्यवस्था अशी ठेवली, जाब त्यांना विचारायचा आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि आपल्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मराठी मुलखात गेलं. आपण इकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि हिंदी, असं आपलं सगळं मिळून-मिसळून चालतं, त्याची कधी अडचण वाटली नाही. पण फोनवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी एवढेच पर्याय असले की आपली म्हातारी माणसं गप्प बसतात. बाजारात हिंदीत भाव करणं वेगळं आणि हिंदीत भांडण मांडणं वेगळं. पैसे बुडाले तरी चालतील पण फोन नको, असं म्हणणारे आपल्यात लय आहेत. कंपन्यांना हे गप्प बसणंच परवडतं.

म्हणून आपला हक्क काय आहे ते नीट समजून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे वेगळे नियम आले. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव, पद, संपर्क आपल्या ॲपवर लावायचा. तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. माल खराब असेल, किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. "तुमचा पिनकोड" ही सबब त्या नियमात कुठेच नाही. माल परत करणं आणि पैसे परत मिळणं ह्याची माहितीही गिऱ्हाइकाला आधीच द्यायची असते.

दुसरी बाब आपल्यासारख्यांसाठी फार मोलाची. काही वेळा सांगतात, "तुम्ही हे धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही." हे ऐकून परत फिरू नका. स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी जो माणूस वस्तू घेतो आणि स्वतःच वापरतो, तो कायद्यानं ग्राहकच आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात हे समजावताना ऑटोरिक्षाचं उदाहरण दिलं होतं. पोटासाठी स्वतः चालवायला ऑटो घेणारा माणूस ग्राहक ठरतो. मग स्वतः पाण्यात उतरून मासे धरायला जाळं घेणारा काहून ठरणार नाही?

तिसरी बाब. जुन्या कायद्यात साधारण जिथं कंपनीचं ऑफिस असेल किंवा जिथं व्यवहार घडला असेल तिथं जाऊन तक्रार करावी लागायची. आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बोथच्या माणसानं बंगळुरू-दिल्लीला जायची गरज नाही, आदिलाबाद पुरे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही टाकता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

त्याआधीची सोपी पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथं १७ भाषा चालतात, त्यात मराठी आहे, तेलुगूही आहे. म्हणजे आपल्या आईलासुद्धा तिच्या भाषेत तक्रार सांगता येते. हेल्पलाइनला कंपनीवर हुकूम सोडायचा अधिकार नाही, ती फक्त तक्रार पुढे पाठवून उत्तर मागते. पण तेवढ्यानंही फरक पडतो. आमच्या सभासदांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं, १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे पैसे खात्यात आले. जी सोय पिनकोडवर नव्हती ती अचानक निघाली.

मात्र पैसे आले तेव्हा मृग तोंडावर आला होता. तलावांचं काम उरकलं होतं. त्या पाच घरांनी उन्हाळाभर दुसऱ्याची जाळी घेऊन, त्याला वाटा देऊन मासोळी धरली. तो वाटा कोणत्याच कंपनीच्या हिशेबात धरलेला नाही. शहरातल्या माणसाचा शर्ट महिनाभर उशिरा बदलून आला तर तो दुसरा शर्ट घालतो. आपलं जाळं महिनाभर उशिरा आलं तर हंगाम जातो. म्हणून "शेवटी पैसे मिळाले ना" असं म्हणून हा विषय संपत नाही.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, ऑर्डर घेण्याआधी ह्या पिनकोडवरून माल परत नेणार की नाही ते पैशाच्या आकड्याशेजारीच दाखवा. दुसरी, "ग्राहक घरी नव्हता" असं लिहायचं असेल तर आधी ग्राहकाला फोन गेलाच पाहिजे, त्याची नोंद ठेवा. तिसरी, जिथं मराठी गिऱ्हाइकाकडून पैसे घेता तिथं मराठीत तक्रारही घ्या.

आणि आपण सगळ्यांनी करायचं ते असं:

१) पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. जाळं असेल तर टेप लावून माप दिसू द्या.

२) फोनवर काही बोलणं झालं तरी तक्रार लेखी टाका आणि तिचा नंबर लिहून ठेवा.

३) खोटा "घरी नव्हता" मेसेज आला की त्याच दिवशी लेखी उत्तर द्या, मुदत संपायची वाट बघू नका.

४) कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथं ठगांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर ॲपमधूनच घ्या. पैसे मिळण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही, आणि कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

ज्यांची अशी तक्रार अडकली आहे त्यांनी पुढच्या बैठकीला बिल, फोटो आणि मेसेज घेऊन या. आपली शिकलेली पोरं तिथंच बसून अर्ज लिहून देतील. रक्कम दोनशेची असो की पाच हजाराची, लाजू नका. एकट्याची तक्रार दाबली जाते. एकाच पिनकोडवरून वीस तक्रारी गेल्या तर कोणाला तरी बघावंच लागेल.

ही पोस्ट आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.