प्रोबेट नको, पण एक्झिक्युटरची संमती हवी

वाशीचा खाडीपूल ओलांडला की कालपरवापर्यंत मृत्युपत्राचा कायदा बदलत असे. मानखुर्दची सदनिका मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, त्यामुळे हिंदू मालकाच्या मृत्युपत्राने ती ज्याला मिळाली त्याला हक्क शाबीत करायला प्रोबेट लागे. वाशीची सदनिका ठाणे जिल्ह्यातली. मृत्युपत्रही मुंबईबाहेर झालेले असेल तर ही सक्ती नव्हती. तरी आपल्याकडच्या सोसायट्या ‘आधी प्रोबेट आणा’ म्हणतच राहिल्या. डिसेंबर 2025 मध्ये निरसन व सुधारणा कायद्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील कलम 213 वगळले आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर नियम एक झाला.

मग सोसायटीने विसंबायचे कशावर? आमच्या मते, एक्झिक्युटरवर. मृत्युपत्राची अंमलबजावणी मृताने ज्याच्यावर सोपवली, तो एक्झिक्युटर. कलम 211 प्रमाणे मृताची मालमत्ता कायदेशीर प्रतिनिधी या नात्याने त्याच्याकडे येते. अंत्यसंस्काराचा खर्च आणि देणी आधी, वाटप नंतर, हा क्रम त्याने पाळायचा असतो. म्हणूनच कलम 332 सांगते की एक्झिक्युटरची संमती मिळेपर्यंत लाभार्थ्याचा हक्क पूर्ण होत नाही. कलम 333 प्रमाणे ही संमती तोंडी किंवा वर्तनातूनही चालते, पण सोसायटीच्या दप्तराला कागद लागतो. तेव्हा वाद नसलेल्या प्रकरणात मृत्युपत्राच्या प्रतीसोबत एक्झिक्युटरचे सही केलेले संमतीपत्र मागा. सिडकोच्या भाडेपट्ट्याची सदनिका असेल तर हस्तांतराच्या अर्जालाही ते जोडा. वारसांपैकी कोणी हरकत घेतली, तर मात्र न्यायालयाचाच रस्ता दाखवा. प्रोबेटची सक्ती गेली आहे, सोय गेलेली नाही.

नॉमिनीला एक्झिक्युटर समजण्याची चूकही थांबायला हवी. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकींवरून उभ्या राहिलेल्या शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले, की शेअर वा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी म्हणून मालक ठरत नाही.

खरी कसूर आपण मसुदा लिहिणाऱ्यांची आहे. एक्झिक्युटरचे कलम आपण जुन्या मसुद्यातून उचलतो, नाव म्हणून अशिलाच्याच वयाचा स्नेही घालतो आणि त्या स्नेह्याला पत्ताही नसतो. यापुढे एक्झिक्युटर अशिलापेक्षा तरुण असावा, त्याला आधी विचारलेले असावे आणि एक पर्यायी नावही असावे. सदनिका विकण्याचा अधिकार आणि मेहनताना याबद्दल स्पष्ट लिहावे. एक्झिक्युटर नेमलाच नाही, तर कलम 222 मुळे प्रोबेट कोणालाच मिळत नाही. मग मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र मागावे लागते, आणि तो वेळ व खर्च वारसांच्या माथी येतो. मसुद्यात चार ओळी जास्त लिहिल्याने हे टळत असेल, तर त्या लिहिणे हे आपले कामच आहे.