धर्मादा कोणाचा?

तुमसरच्या बाजारात तांदळाचा सौदा ठरण्यापूर्वी व्यापारी पोत्यातला मूठभर दाणा तळहातावर घेतो. तुकडा किती, ओल किती, माल जुना की नवा, हे पाहिल्याविना तो भाव बोलत नाही. पर्युषणाच्या दिवसांत त्याच्या पेढीवर कोणी पावतीपुस्तक घेऊन आले, तर मात्र तो फक्त आकडा विचारतो, पैसे काढून देतो आणि पावती गल्ल्यात टाकतो. संस्थेचे विश्वस्त कोण, गतवर्षीच्या पैशाचे काय झाले, हे विचारणे त्याला अशोभनीय वाटते. आपण दिले, आपले कर्तव्य संपले. पुढचे पापपुण्य घेणाऱ्याचे, अशी समजूत अनेक घरांत आढळते. ही समजूत दिसायला उदार आहे, परंतु ती शास्त्राला धरून नाही आणि व्यवहारालाही नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचा विचार आला आहे. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींच्या वैशिष्ट्यावरून दानाचे फळ कमी-अधिक होते, असा त्याचा आशय. दाता श्रद्धावान आहे आणि द्रव्यही न्यायाने मिळवलेले आहे, पण विधी आणि पात्र यांकडे लक्षच दिले नाही, तर निम्मे काम राहून गेले. दारी आलेल्या भुकेल्याची पात्रता अर्थातच कोणी तपासू नये. तेथे अनुकंपा पुरेशी आहे. परीक्षा करावयाची ती भुकेल्याच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्याची.

व्यापारी घराण्यांच्या बाबतीत द्रव्याचाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बिलाच्या शेवटी धर्मादा म्हणून काही रक्कम लावण्याची रीत अनेक पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वर्षअखेरीस त्या खात्यातून पाठशाळेला, पांजरपोळाला, दवाखान्याला देणगी जाते. ती रक्कम पेढीच्या मालकाची आहे काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ नुसार धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहते आणि तिचा हिशेब वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. बिजली कॉटन मिल्स या हाथरसच्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय दिला.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. धर्मादा खात्यातील पैसा ग्राहकांचा आहे. पेढी त्याची केवळ वाहक. त्या पैशातून खोली बांधली आणि दारावर एकट्या मालकाच्या नावाची पाटी लागली, तर ते दान खरोखर कोणाचे? आणि तोच पैसा चौकशी न करता एखाद्या नादुरुस्त संस्थेच्या हाती गेला, तर तेथे दुसऱ्याची ठेव गमावल्याचा दोष येतो. स्वतःच्या कमाईच्या बाबतीत भोळेपणा एकवेळ क्षम्य ठरेल. परक्याच्या ठेवीच्या बाबतीत तो अचौर्य व्रताच्या सीमेपाशी जाऊन पोहोचतो.

दानाच्या नोंदीची परंपरा भंडारा जिल्ह्याला नवी नाही. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. ज्याने शिळा दिली, त्याचे नाव त्या शिळेवरच. दिलेली वस्तू आणि देणारा दोन हजार वर्षांनंतरही एकाच जागी सापडतात. आजच्या दात्याला ती सोय नाही. त्याचा पैसा पेढीतून निघून बँकेच्या खात्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. म्हणून ते काम आता प्रश्नांनी करावे लागते.

हे प्रश्न फार नाहीत. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे काय आणि तिचा नोंदणी क्रमांक पावतीवर आहे काय? आज कारभार पाहणाऱ्यांची नावे नोंदवहीतील नावांशी जुळतात काय? विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे तो दिलाच नसेल, तर आत काही तंटा असण्याचा संभव असतो. लेखापरीक्षित हिशेब मागितल्यावर मिळतो काय? जमीन किंवा घर दान द्यावयाचे असल्यास एवढे ठाऊक असावे की, संस्थेला ते पुढे विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चांगली संस्था अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट, हिशेब विचारणारा दाता तिला टिकाऊ वाटतो.

करसवलतीविषयीही गैरसमज पुष्कळ. आयकर कायद्यानुसार दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही. धान्य, कपडे अशा वस्तुरूप दानालाही नाही. नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही. शिवाय २०२१-२२ पासून संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरून दात्याला प्रमाणपत्र द्यावयाचे असते. नुसती छापील पावती पुरत नाही. परंतु ही सवलत विश्वासार्हतेचा दाखला मानू नये. ती असूनही काम निकृष्ट असू शकते, आणि ती नसलेले एखादे छोटे मंडळ रात्रंदिवस राबत असू शकते. काम पाहण्यासाठी पायांनाच कष्ट द्यावे लागतात.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा महापूर आला. अशा प्रसंगी ताबडतोब द्यावे, हेच योग्य. तेव्हा विलंब हाच दोष. पण पाणी ओसरल्यावर वह्यापुस्तके, बियाणे आणि भिंती यांची गरज महिनोन्‌महिने उरते, आणि देणाऱ्यांची गर्दी मात्र पाण्याबरोबरच ओसरते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. शिधा एका दिवसात वाटून होतो. शाळा वर्षानुवर्षे चालवावी लागते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. घराघरांतून मूठमूठ धान्य जमवणारा मुष्टिफंड हा तिचा एक आधार होता. मूठ लहान होती, पण ती पुन्हा पुन्हा येत होती.

व्यापारी कुटुंबाने यातून एवढे घ्यावे. वर्षभरात वीस ठिकाणी संकोचापोटी थोडे थोडे देण्यापेक्षा दोन-तीन कामे निवडावीत, तेथे घरातील तरुणांना पाठवावे आणि पाहून आल्यावर निदान तीन वर्षे साथ द्यावी. दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा धर्मादा खात्याचे पान साऱ्या कुटुंबासमोर वाचावे: किती जमले, कोठे गेले, त्याचे काय झाले. गुप्तदान करावयाचे असेल तर नाव जगापासून खुशाल लपवावे. हिशेब मात्र घरापासून लपवू नये. नफ्यातोट्याची वही वाचावयास शिकलेल्या मुलाला हे एक पान वाचता आले नाही, तर पेढीचा वारसा त्याच्याकडे अर्धाच पोहोचला, असे म्हणावे लागेल.