लाल काचेतून दिसणारा नायक

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्लोगल्ली दगड, माती व गोणपाट यांचे ढीग पडू लागतात आणि चार दिवसांत तेथे किल्ले उभे राहतात. मोहरी पेरून डोंगरउतारावर हिरवळ आणिली जाते, तटावर चिमुकले मावळे चढतात. वाचकांनी एक गोष्ट पाहिली असेल : किल्ला पुरा होताच तो रचणारा मुलगा जमिनीवर पालथा पडून, डोळा मावळ्याच्या उंचीवर नेऊन, दिंडीदरवाजातून आत पाहतो. शिवचरित्रातील प्रसंग तेथे कोणी करून दाखवीत नाही. मुलाने फक्त जागा उभी केलेली असते. त्या जागेत आपण स्वतः कोठे उभे राहावयाचे, एवढेच त्याला ठरवावयाचे असते.

हेच काम आज कोट्यवधी रुपये खर्चून मोठी माणसे करीत आहेत. एखाद्या विज्ञानकाल्पनिक चित्रपटातील जग घ्यावयाचे आणि तिकीट काढून हिंडता येईल असा मुलूख त्यातून थीम पार्कमध्ये वसवावयाचा, ही आता एक स्वतंत्र विद्याच झाली आहे. तिचे मूळ मात्र चित्रपटाहून जुने आहे. १९०१ साली अमेरिकेतील बफेलो येथील प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन याने 'चंद्राची सफर' मांडली. पंखांच्या विमानात बसून लोक चंद्रावर उतरत, तेथील गुहांतून चालत, आणि चंद्रवासी त्यांच्या हातावर हिरव्या चीजचे तुकडे ठेवीत. त्याच नावाचा मेलिएसचा प्रसिद्ध मूकपट निघाला तो पुढल्या वर्षी, १९०२ साली. म्हणजे प्रेक्षक खुर्चीत बसून चंद्र पाहू लागला त्याच्या आधी तो चंद्रावर चालून आला होता!

अलीकडचा उत्तम नमुना फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानातला. जेम्स कॅमेरून यांचा 'अवतार' हा चित्रपट २००९ साली आला आणि त्यातील पँडोरा नावाच्या चंद्राचा मुलूख २७ मे २०१७ रोजी लोकांस खुला झाला. जागा सुमारे १२ एकर. अधांतरी तरंगणारे पर्वत ही त्या चित्रपटाची खूण. पण पर्वत काही खरोखर तरंगत नाहीत. पोलादी सांगाडे वाकवून, आधाराच्या जागी वेली लोंबत्या सोडून, खालून पाहणाऱ्याच्या डोळ्यास पोलाद दिसणार नाही अशी योजना केली आहे. खऱ्या झाडांत घडविलेली झाडे मिसळली आहेत व रात्री ती घडविलेली झाडे उजळतात.

तथापि मला त्याहून मोलाचा वाटतो तो प्रमुख रचनाकार जो रोडी व त्यांचे सहकारी यांनी कथेसंबंधी केलेला निर्णय. चित्रपटात युद्ध आहे, वृक्षसंहार आहे, लोभी खाणवाले आहेत. मुलांचा हात धरून आलेल्या कुटुंबास त्या युद्धात कोठे उभे करावयाचे? म्हणून काळच पुढे नेला. युद्ध होऊन एक पिढी लोटली आहे, खाणवाले गेले आहेत, त्यांची यंत्रे गंजून वेलींखाली गेली आहेत, आणि आपण त्या चंद्रावर आलेले पाहुणे आहोत. नायकाची कथा आपणांस पुन्हा पाहावयाची नाही. त्याच्या पश्चात उरलेल्या जगात आपणांस हिंडावयाचे आहे. तेथील उड्डाणाच्या खेळात आपण पक्ष्यासारख्या प्राण्यावर स्वार होतो. मोटारसायकलीसारख्या त्या आसनाच्या दोन्ही कुशी श्वास घेतल्याप्रमाणे फुगतात व ओसरतात. पडद्यावरील देखावा विसरला जाईल. गुडघ्यांना लागलेला तो श्वास विसरणे कठीण.

आता आपल्या वाटेवरचे पाहू. बेळगाव-निपाणीहून महामार्गाने पुण्यास जावे आणि पुढे मुंबईच्या द्रुतगती मार्गास लागावे, म्हणजे खोपोलीजवळ इमॅजिका लागते. मनमोहन शेट्टी यांनी हे उद्यान २०१३ साली सुरू केले आणि त्यात 'मिस्टर इंडिया'वर आधारलेला एक खेळ ठेविला. शेखर कपूर यांचा हा १९८७ चा चित्रपट आपल्या लोकांनी इतक्या वेळा पाहिला आहे की कथा सांगण्याचे कारण नाही. खेळ असा की हलत्या आसनांवर बसावयाचे आणि समोरच्या पडद्यावरील धावपळीत सामील व्हावयाचे. मुले हसतात, किंचाळतात, आनंदात बाहेर येतात. त्यात उणे काढण्याचे मला कारण नाही. परंतु पडद्यावरचे जग पुन्हा पडद्यावरच राहिले, आणि एवढ्या चित्रपटाची जागा काही मिनिटांत संपली, याची चुटपुट लागते खरी.

कारण चालून पाहावा असा नियम या चित्रपटाइतका सोपा व नामी दुसरा सापडणार नाही. मनगटावरील यंत्राने नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात तो दिसतो! पीटर परेरा यांनी ही अदृश्यता संगणकावाचून, कॅमेऱ्याच्या करामतीने साधली होती. तेव्हा मुलूख वसवावयाचाच तर दारातच प्रत्येक मुलाच्या हाती लाल काचेचा तुकडा द्यावा. समुद्राकाठचे ते जुने भाड्याचे घर उभे करावे. या उद्यानांत अर्धा दिवस रांगेत जातो. ती रांग कॅलेंडरच्या स्वयंपाकघरातून न्यावी, जेथे ताटे अधिक व डब्यांत धान्य थोडे आहे. कोपऱ्यात व्हायोलिन आपोआप वाजत राहावे. जो मुलगा काच डोळ्यास लावील त्याला वाजविणारा दिसेल. जो न लावील तो नुसता सूर ऐकत पुढे जाईल.

एक अवघड प्रश्न राहतोच. त्या चित्रपटात टीना नावाची लहान मुलगी बॉम्बने मरते. ते दृश्य दाखविणे क्रूर आणि ते घडलेच नाही असे भासविणे खोटे. पँडोराच्या रचनाकारांची युक्ती येथे कामास येईल. काळ थोडा पुढचा धरावा. मुलांच्या निजण्याच्या खोलीत खाटा ओळीने मांडाव्यात आणि एक लहान खाट चादर न विसकटलेली, तशीच असू द्यावी. वर पाटी नको. लाल काच लाविली तरी तेथे कोणी दिसता कामा नये. ज्या आईबापांस चित्रपट आठवत असेल ते क्षणभर थांबतील. मुले पुढच्या खोलीकडे धावतील.

आणि मोगँबोचे सिंहासन? ते उपाहारगृहाजवळ ठेवावे. त्यावर बसून छायाचित्र काढवून घेणारे मिळतीलच.