विश्लेषण : स्त्रीबीजदान करावे का? ख्रिस्ती स्त्रीपुढे कायदा, आरोग्य आणि श्रद्धेचे कोणते प्रश्न?

वंध्यत्वावरील उपचारांत दात्या स्त्रीचे बीज वापरणे आता नवे राहिलेले नाही. बहिणीला किंवा अनोळखी जोडप्याला मूल व्हावे म्हणून स्त्रीबीज देणे हे रक्तदानासारखेच पुण्याचे काम, असे अनेकांना वाटते. मात्र श्रद्धेने ख्रिस्ती असलेल्या स्त्रीला हा निर्णय तितका सोपा जात नाही. देशाचा कायदा परवानगी देतो, कॅथलिक चर्च नाही म्हणते आणि बायबलमध्ये याविषयी थेट आज्ञा सापडत नाही. मग निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

कायदा काय सांगतो?

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ हा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार स्त्रीबीज देणाऱ्या महिलेचे वय २३ ते ३५ वर्षे असावे लागते. आयुष्यात एकदाच दान करता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. दात्याची तपासणी व नोंद अधिकृत बँकेमार्फतच होते आणि एका दात्याची बीजे एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. दात्यासाठी १२ महिन्यांचा विमा उतरवणे ही मूल हवे असणाऱ्या जोडप्याची जबाबदारी आहे. स्त्रीबीजांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

हे नियम का आले, याचे उत्तर तमिळनाडूतील इरोड येथे २०२२ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात दिसते. एका अल्पवयीन मुलीला खोट्या कागदपत्रांच्या आधारे वारंवार बीजे द्यायला भाग पाडल्याचा आरोप झाला आणि तिच्या आईसह काहींना अटक झाली. गरज आणि दलाल एकत्र आले की ‘दान’ हा शब्द किती पोकळ होतो, हे त्यातून दिसले.

शरीराला धोका किती?

रक्तदानाशी तुलना इथेच कोलमडते. साधारण १० ते १२ दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, अधूनमधून सोनोग्राफी होते आणि शेवटी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढली जातात. पोट फुगणे, दुखणे, मळमळ हे त्रास नेहमीचे. काही स्त्रियांत बीजांडकोशांना अतिरिक्त सूज येऊन पोटात पाणी साठते. क्वचित रुग्णालयात दाखल करावे लागते. रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका कमी असला, तरी शून्य नाही. बीजे दिल्याने पाळी लवकर बंद होते, ही समजूत मात्र चुकीची. त्या महिन्यात एरवी नष्ट होणारी बीजेच औषधांनी वाढवली जातात.

कॅथलिक चर्चचा विरोध कशासाठी?

व्हॅटिकनने १९८७ च्या ‘डोनुम व्हिटे’ आणि २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजांत भूमिका स्पष्ट केली आहे. पती-पत्नींनी परस्परांमुळेच आई-बाप व्हावे आणि मूल त्यांच्या वैवाहिक मिलनातून यावे, हा त्याचा गाभा. तिसऱ्या व्यक्तीचे बीज आले, की हे नाते भंगते आणि मुलाचे जन्मदाते व पालक वेगळे होतात, असे चर्च मानते. म्हणून कॅथलिक धर्मशिक्षणात स्त्रीबीज व शुक्राणूदान गंभीर स्वरूपाचे अनैतिक कृत्य ठरवले आहे. हेतू दयेचा असला तरी कृतीचे स्वरूप बदलत नाही, ही चर्चची भूमिका. मात्र अशा मार्गाने जन्मलेले मूल कमी प्रतीचे ठरत नाही; ते देवाची देणगी म्हणूनच स्वीकारावे, असेही तेच चर्च सांगते.

प्रोटेस्टंट पंथांत एकमत का नाही?

प्रोटेस्टंट पंथांत सर्वांना बांधील असे एकच धर्मपीठ नाही. पवित्र शास्त्र आणि सदसद्विवेक यांवर निर्णय सोपवला जातो. काहींच्या मते निःसंतान जोडप्याचे दुःख हलके करणे ही शेजारधर्माची कृती आहे. काहींचा आक्षेप कॅथलिकांइतकाच तीव्र आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनेही २००० मध्ये दात्याच्या बीजाचा वापर नाकारला.

बायबलमधील दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. सारेने मुलासाठी आपली दासी हागार अब्राहामाला दिली. पुढे घरात मत्सर वाढला आणि हागारला मुलासह रानात जावे लागले. हा इशारा आहे, असे विरोधक म्हणतात. हागार दासी होती, तिला विचारले कोणी होते, असे उत्तर मिळते. दुसऱ्या बाजूला योसेफाने रक्ताचे नाते नसताना येशूचे पालकत्व निभावले. पण यातून दत्तक घेण्याला जेवढे बळ मिळते, तेवढे बीजदानाला मिळते का, हा प्रश्न उरतो.

उरलेल्या भ्रूणांचे काय?

अनेक ख्रिस्ती स्त्रियांना बीज देण्यापेक्षा हा मुद्दा अधिक बोचेल. सात बीजांतून अनेक भ्रूण तयार होऊ शकतात. सगळे गर्भाशयात सोडले जात नाहीत. उरलेले गोठवले जातात. भारतीय कायद्यानुसार ते जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ दिले जातात किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनासाठी दिले जातात. दात्याला यात बोलण्याचा अधिकार नाही. जीवनाची सुरुवात गर्भधारणेच्या क्षणी होते असे जी मानते, तिने हे आधीच लक्षात घ्यायला हवे. बीज दिल्यावर ‘त्याचे पुढे काय होईल’ हे तिच्या हातात राहत नाही.

मुलाशी नाते काय राहते?

कायद्याने काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये जुळ्या मुलींच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. धाकट्या बहिणीने बीजे दिली होती, सरोगसीतून मुली जन्मल्या आणि नंतर त्या वडील व मावशीकडे राहू लागल्या. बीज दिल्याने मुलींवर कायदेशीर हक्क मिळत नाही, असे सांगत न्यायालयाने मोठ्या बहिणीला भेटीचा अधिकार दिला. नात्यात केलेले दान सोपेच असते, हा समज या खटल्याने दूर केला.

मुलाची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदणी झालेल्या दात्याची ओळख मुलाला १८ व्या वर्षी मागता येते. आता डीएनए चाचण्या सहज मिळत असल्याने गुप्ततेची हमी कुठेच पक्की राहिलेली नाही.

निर्णयाआधी काय विचारावे?

कॅथलिक स्त्रीपुढे चर्चची शिकवण स्पष्ट आहे. प्रश्न ती पाळण्याचा आहे. इतरांना आपल्या पाळकांशी आणि घरच्यांशी बोलूनच वाट काढावी लागेल. दोघींनीही काही प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे द्यावीत. पैशांची निकड नसती, तर मी हे केले असते का? बहिणीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक मला खरोखर आहे का? वीस वर्षांनी ते मूल दारात आले, तर त्याला काय सांगेन? ‘नाही’ म्हणणारी स्त्री निर्दयी ठरत नाही. ‘हो’ म्हणणारीने मात्र संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील भ्रूण, विमा आणि गुप्ततेची कलमे स्वतः वाचलेली असावीत.