दिवे जरूर लावा, पण आधी वायर बघा



वेचणी सुरू झाली की गावोगावच्या पिकअपवर नवे एलईडी दिवे चढतात. शहरातले लोक याला पोरांची हौस म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. खरेदी केंद्रावर नंबर लागावा म्हणून ज्याला रात्रीच कापूस भरून निघावे लागते, त्याला खड्डा आणि बिनदिव्याची बैलगाडी वेळेवर दिसली पाहिजे. दिव्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो दिवे जोडण्याच्या पद्धतीला.

बहुतेक ठिकाणी काय होते? दुकानदार सांगतो, "एलईडीला करंट लागतोच किती? रिले कशाला?" आणि मूळ हेडलाइटची वायर सोलून तिलाच नवे दिवे जोडून देतो. यातले अर्धेच खरे आहे. एक एलईडी कमी करंट घेतो, पण आपण एक लावत नाही. १८ वॅटचे चार दिवे आणि वर १२० वॅटचा बार, म्हणजे १९२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, तेव्हा करंट झाला १६ अँपिअर. ५५ वॅटचे मूळचे दोन हॅलोजन ९ अँपिअर घेतात. म्हणजे ९ च्या वायरीवर आपण २५ अँपिअरचे ओझे टाकले. करंट दुप्पट झाला तर वायरीतली उष्णता चौपट होते. इथे ती सातपटीहून जास्त होते. विहिरीवरच्या मोटारीला बारीक केबल जोडली तर ती हाताला चटका देते, हे कोणाला सांगायला नको.

मग फ्यूज उडतो. तो उडतो म्हणजे आपले काम चोख करतो! पण वाटेतला मिस्त्री त्या जागी तांब्याची तार गुंडाळून देतो, दिवे लागतात, सगळे खूश. आमच्या मते सगळ्यात घातक गोष्ट ही तार आहे. आता वायर वितळेपर्यंत करंट थांबवणारे कोणी उरले नाही. मागच्या दिव्यांची वायर तर हौद्याखालून जाते आणि वर वर्षाचा कापूस. कापसाची आग आतल्या आत धुमसते. धूर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. कडब्याच्या गाडीचे तेच.

काम नीट करायला फार खर्च नाही. बॅटरीपासून नव्या दिव्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर घ्या. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच २० अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो दिव्यापाशी बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडते. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. स्विचमधून मग नाममात्र करंट जातो. अर्थ देताना चेसीवरचा रंग खरवडून कोऱ्या लोखंडाला द्या, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबर घाला. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड वायर कापते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला मिस्त्रीला सांगावे लागू नये, पण सांगा.

आता कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढचा झोत असा खाली हवा की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत. टपावरचा बार यात बसत नाही. पोलिसाची पावती बाजूला ठेवा; समोरून येणारा बैलगाडीवाला आपलाच भाऊ असतो आणि डोळे दिपलेले बैल कुठेही वळतात. बार वावरात माल भरताना लावा, रस्त्यावर बंद ठेवा, त्याचा स्विचही वेगळा घ्या.

आणखी एक. पुढे पाच दिवे आणि मागे एकही दिसत नाही, अशा गाड्या आम्ही दर हंगामात पाहतो. लोंबणाऱ्या कडब्याने मागचे लाल दिवे झाकले जातात. कडबा आवळून वर बांधा, मागच्या फळीवर चमकणारी लाल पट्टी चिकटवा. हे सगळे पहिल्या वेचणीआधी, हौदा रिकामा असतानाच करून घ्या.